मेंदी सुकेपर्यंत

एकदा एक हळदीचा व्यापारी पायांतल्या वहाणा हातात घेऊन एका वृद्ध आचार्यांच्या आश्रमात आला. वाटेतल्या ओढ्याला पाणी होते आणि वहाणा नव्या होत्या, म्हणून त्याने त्या काढल्या होत्या. पण आचार्यांसमोर उभा राहिल्यावरही त्या खाली ठेवायचे त्याला सुचले नाही. त्यावरूनच त्याची चिंता आचार्यांनी ओळखली. त्यांनी त्याला बसवले, गुळाचा खडा आणि पाणी दिले, आणि मग त्याने आपली अडचण सांगितली.

त्याच्या पत्नीची आई डोंगरापलीकडच्या एका गावी राहत असे. त्या म्हातारीच्या डोळ्यांतला उजेड दिवसेंदिवस कमी होत चालला होता. दिवाळीपर्यंत काही दिसत राहिले तर देवाची कृपा समजा, असे वैद्याने स्पष्टच सांगितले होते. तेव्हा म्हातारीने निरोप धाडला, की या पंचमीला माझ्या लेकीला पाठवा, तिचे तोंड एकदा डोळे भरून पाहू द्या. नागपंचमीला सासरी गेलेली लेक माहेरी येते ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पण या लेकीच्या सात पंचम्या सासरीच गेल्या होत्या. तिला कोणी अडवले नव्हते. उलट व्यापारी दरवर्षी 'जाऊन ये' म्हणे आणि ती दरवर्षी विचारी, मी गेले तर या घरात चूल कोण पेटवील? घरात तीन मुले होती, पण सांगितलेले काम ती अर्धे करत, उरलेले तिथेच टाकत आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पसार होत. खुद्द व्यापाऱ्याला घरातले मीठ कुठे असते हेही ठाऊक नव्हते. या वर्षीही तिने नाहीच म्हटले होते. दहा दिवसांनी तिचा भाऊ मुराळी होऊन, म्हणजे बहिणीला न्यायला, बैलगाडी घेऊन येणार होता आणि त्याची गाडी ती रिकामीच परत पाठवणार होती.

"महाराज," व्यापारी म्हणाला, "पोरांना कामाची गोडी लागेल असं काहीतरी करा. नाही तर म्हातारीला लेक दिसायची राहून जाईल."

आचार्यांच्या शेजारी त्यांचा एक शिष्य बसला होता. पंचविशी उलटलेला, बुद्धीने तल्लख, आणि प्रत्येक गोष्टीचे कारण खणून काढल्याशिवाय ज्याला जेवण गोड लागत नसे असा. मुंग्या रांगेतच का चालतात, उकळीच्या आधी पाणी का कुजबुजते, असल्या प्रश्नांत त्याचे तासन्‌तास जात. व्यापाऱ्याचे बोलणे ऐकून मात्र त्याला खणण्यासारखे काही वाटले नाही. मुलांना खेळ आवडतो, काम आवडत नाही; तेव्हा कामालाच खेळ करून टाकावे म्हणजे झाले, असे त्याने सांगितले. हे त्याने इतक्या सहज सांगितले, की व्यापाऱ्याच्या हातातल्या वहाणा तेवढ्यात खाली आल्या.

आचार्यांनी शिष्याकडे क्षणभर पाहिले. "जा, करून पाहा," ते म्हणाले. "गाडी यायच्या आत मात्र व्हायला हवं."

व्यापाऱ्याचे घर भर पेठेत होते. पुढच्या पडवीत हळदीची पोती, त्यामुळे उंबऱ्यापासून मांजरापर्यंत सगळ्यांवर एक पिवळी झाक. थोरली रुक्मा अकरा वर्षांची, मधला भानू नऊ वर्षांचा आणि धाकटी गोदी सहा वर्षांची. गृहिणी कामाला वाघ होती. ती बोलत एकीकडे असे आणि तिचे हात दुसरीकडेच काहीतरी उरकत असत.

पहिल्या दिवशी शिष्याने केराला चोर केले आणि केरसुण्यांना शिपाई. माजघर हे एक गाव, स्वयंपाकघर दुसरे, पडवी तिसरे. चोर पळून उंबऱ्याबाहेर गेला पाहिजे. मुले हसून हसून बेजार झाली आणि घर बघता बघता झाडून निघाले. दुसऱ्या दिवशी विहिरीवरून कळशी आणताना एकाने कोडे घालायचे आणि पायरीवर पोचायच्या आत दुसऱ्याने उत्तर द्यायचे, असा खेळ निघाला. मग तांदूळ निवडायची शर्यत झाली, कोणाचे सूप आधी रिकामे होते ते पाहायची. व्यापारी दारातून पाहत होता आणि इतका खूश झाला, की दुकानात जाऊन त्याने पहिल्या तीन गिऱ्हाइकांना ही हकिगत सांगितली.

खेळ संपला की मुले अंगणात पळत, आणि मग गृहिणी तिथे येई. ती रागावत नसे, कपाळाला आठीसुद्धा घालत नसे. कोपऱ्यात राहिलेला केर ती पुन्हा काढी, अर्ध्या कळशा विहिरीवर नेऊन काठोकाठ भरून आणी, निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात घेऊन निवडी. शिष्याने हे पाहिले आणि एवढी शांत बाई आपण पाहिली नाही असे त्याच्या मनात आले.

तिसऱ्या दिवशी भानू म्हणाला, आज दुसरा खेळ काढा. शिष्याने काढला. चौथ्या दिवशीचा नवा खेळ सकाळच्या न्याहारीपर्यंतही टिकला नाही. पाचव्या दिवशी गोदीने शिष्याचे उपरणे ओढून अगदी समजूतदारपणे त्याला विचारले, "दादा, आपण नुसता खेळच खेळू या ना. मध्ये काम कशाला?"

सहाव्या दिवशी त्याने चढाओढ लावली. रुक्मा जिंकली, भानूने केरसुणी लाथाडली आणि गोदीने असा सूर लावला, की शेजारची बाई काय झाले म्हणून पाहायला आली. शिष्याच्या भात्यातले सगळे बाण संपले. गृहिणीने केरसुणी उचलली, घर झाडले, आणि तव्यावर भाकरी टाकता टाकता नवऱ्याला सांगितले की दादाला निरोप धाडा, गाडी आणू नको म्हणावं. हे सांगताना तिने तोंड भिंतीकडे केले होते, तरी आवाजावरून कळायचे ते कळलेच. आपल्या फुशारकीपायी एका म्हातारीच्या डोळ्यांपुढचे सहा दिवस फुकट गेले, ही बोच शिष्याला लागून राहिली.

आणि त्याच दुपारी त्याने ती गोष्ट पाहिली. घरामागच्या गल्लीतून पावसाच्या पाण्याचा ओहोळ वाहत होता आणि तिन्ही मुले तिथे मातीचे धरण बांधत होती. डोक्यावरून दगड आणत होती, फुटक्या मडक्याने चिखल वाहत होती, गुडघ्यापर्यंत बरबटली होती. शिष्याने मोजल्या, तर भानूच्या पंधरा फेऱ्या झाल्या. घरातल्या दोन कळशांनी ज्याचे खांदे दुखत, तोच हा भानू. तिथे ना कोणी खेळ लावला होता, ना कोणी जिंकणार होते. मग इथे ही मुले दमत कशी नाहीत? शिष्याला काही केल्या उत्तर सापडेना. तो तसाच उठला आणि तिन्हीसांजेच्या आत आश्रमात पोचला.

आचार्यांनी सगळे ऐकून घेतले. आपण हरलो, हे शिष्याने आधी सांगितले आणि धरणाचे कोडे नंतर; कारण कोडे सांगताना त्याचे डोळे लकाकतात हे त्यालाच ठाऊक होते आणि आज ते बरे दिसले नसते. आचार्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला: मुलांचे काम झाल्यावर तिथे पुढे काय होते?

"काहीच नाही," शिष्य म्हणाला. "मुलं खेळायला जातात आणि बाई मागून सगळं नीट करून घेतात."

"असं," आचार्य म्हणाले आणि काठी घेऊन उठले. "व्यापाऱ्याला सांगून ठेव, निरोप धाडू नको म्हणावं. उद्या उजाडताच आश्रमाच्या कुंपणाची मेंदी तोडायला ये. टोपलीभर पानं लागतील."

मेंदी कशासाठी, हे शिष्याने वाटेत तीन वेळा विचारले. आचार्यांनी तिन्ही वेळा टोपली नीट धरायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरू-शिष्य पेठेत येऊन दाखल झाले. गृहिणी लगबगीने पुढे आली, तर आचार्यांनी टोपली तिच्यापुढे ठेवली आणि सांगितले, की आम्ही दोघे आज इथेच जेवणार आहोत, दोन्ही वेळ. आणि तू आत्ता दोन्ही हातांना मेंदी लावून घ्यायची आहे. सूर्य मावळेपर्यंत हाताला पाणी लागता कामा नये, नाही तर रंग चढत नाही.

गृहिणीला वाटले आपणच काहीतरी चुकीचे ऐकले. घरी आचार्य जेवायला, चूल अजून गार, आणि यजमानीण मेंदी लावून बसणार? तिने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने शिष्याकडे पाहिले. शिष्याला तर वाटले की गुरुजींचे वय झाले. पण आचार्यांचा शब्द मोडायचा कोणी? रुक्माने पाटा-वरवंटा काढून पाने वाटली, त्यात कात आणि लिंबू घातले, आणि तिन्ही मुले आईच्या हातांवर तुटून पडली. रुक्माने उजव्या तळहातावर चंद्र काढला. डावा हात भानूने घेतला आणि काडीने बैल काढला. गोदीला बोटे मिळाली. तिने प्रत्येक बोटाला टोपी घातली आणि उरलेली मेंदी आईच्या मनगटाला फासली.

"भानू, अरे बैलाला पाच पाय काढलेस," गृहिणी म्हणाली आणि सवयीने दुसरा हात पुसायला पुढे आला. पण त्या हातावर ओला चंद्र होता.

"पाचवी शेपटी आहे," भानूने सांगितले, आणि बैल तसाच राहिला.

आचार्यांनी तिला ओसरीवर पाट दिला आणि वर आणखी एक अट घातली. कोणी विचारले तरच सांगायचे, न विचारता काही बोलायचे नाही. ती तळहात वर करून, कोपरे गुडघ्यांवर टेकून बसली. मुले शिष्याभोवती जमली, आज कोणता खेळ म्हणून. शिष्याने तोंड उघडले, तोच आचार्य म्हणाले की आज खेळ नाही. मग बराच वेळ कोणीच हलले नाही. घरात अशी सामसूम त्या वेळी कधी नसे. स्वयंपाकघरात काही वाजत नव्हते, वास नव्हता, धूर नव्हता.

"मला भूक लागली आहे," आचार्य म्हणाले. ते कोणाला उद्देशून म्हणाले नाहीत.

मुलांनी आईकडे पाहिले. मग तिच्या हातांकडे पाहिले. रुक्मा आत गेली.

पुढचा प्रहरभर त्या घरात जे झाले त्याला स्वयंपाक म्हणणे धाडसाचे ठरेल. व्यापारी चूल पेटवायला बसला आणि त्याने सगळ्या घराला धुरात कोंडले. शेवटी भानूने बापाला बाजूला सारले आणि आधी काटक्या, मग लाकूड, हे शिकवले. रुक्माची पहिली भाकरी परातीतून तव्यावर जाताना वाटेतच दुभंगली. ती दारात आली आणि तिने विचारले, "आई, पिठात पाणी किती घालू गं?" गेली दोन वर्षे रुक्मा भाकरी थापायला बसे आणि आई ती भाकरी पुन्हा थापून घेई, पण पाणी किती हे आजवर तिने कधी विचारले नव्हते आणि आईनेही कधी सांगितले नव्हते. गृहिणीने सांगितले. आत परात वाजली तशी ती दोनदा उठू लागली. दोन्ही वेळा आचार्यांनी फक्त तिच्या हातांकडे पाहिले आणि ती पुन्हा बसली.

पंगत बसली. भाकऱ्यांना जो आकार जमला तो होता, वरण पातळ होते, ठेचा आदल्या दिवशीचा म्हणून तेवढा फक्कड होता. आचार्यांनी भाताचा घास घेतला आणि कर्रकन आवाज झाला. त्यांनी तोंडातला खडा काढून पत्रावळीच्या कडेला ठेवला आणि पुढचा घास घेतला. थोड्या वेळाने दुसरा खडा आला, मग तिसरा. गोदी समोरच बसली होती. तांदूळ तिने निवडले होते, नेहमीसारखे, शर्यतीतल्यासारखे. ती त्या तीन खड्यांकडे पाहत राहिली.

"आई," तिने बारीक आवाजात विचारले, "तू पुन्हा नाही निवडलेस तांदूळ?"

"माझे हात कुठे मोकळे आहेत, बाळ?"

गृहिणीच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते पुसायलाही तिला हात नव्हते. तेव्हा गोदीच उठली आणि आपल्या परकराच्या टोकाने तिने आईचे डोळे पुसले. तेवढ्यात ठेच्याने आचार्यांना ठसका लागला आणि तांब्यात पाणी नव्हते. माठात नव्हते, कळशीत तळाशी ओंजळभर होते. भानूने ते ओतून दिले, कळशी उचलली आणि तो विहिरीकडे धावत गेला. तो परतला तेव्हा कळशी काठोकाठ होती आणि त्याचा अर्धा सदरा भिजला होता.

दुपारी शिष्य ओसरीवर डोळे मिटून पडला होता, पण झोप कुठली? गल्लीत आज धरणाचा आवाज नव्हता. आवाज स्वयंपाकघरातून येत होता आणि तो हसण्याचा होता. तो उठून पाहायला गेला. रुक्मा चुलीपुढे होती. भाकरी फुगते की नाही ते पाहायला भानू आणि व्यापारी दोघेही वाकून बसले होते, आणि फुगली तेव्हा व्यापाऱ्याने असा हात वर केला जसा त्याने कधी मोठ्या सौद्यालाही केला नसेल. गोदी कोपऱ्यात सूप घेऊन बसली होती. सापडलेला प्रत्येक खडा ती ओळीने मांडत होती आणि प्रत्येकाला नाव ठेवत होती. सगळ्यांत मोठा होता तो मामा, त्याच्यामागे दोन बैल. शिष्य तिच्याजवळ बसला आणि हा खेळ कोणी शिकवला, असे त्याने विचारले.

गोदीने वर पाहिले नाही. "खेळ नाही, काम आहे," ती म्हणाली. "तुम्ही मध्ये बोलू नका. चुकेल."

सहा दिवस शिष्य जे पेरत होता आणि उगवत नव्हते, ते इथे त्याच्या डोळ्यांसमोर आपोआप उगवले होते, आणि त्याने तर आज काहीच केले नव्हते. असे का, हे त्याला अजून कळत नव्हते, पण कळण्याच्या अगदी जवळ आलो आहोत असे त्याला वाटू लागले.

सूर्य कलताना दुसरी पंगत बसली. आचार्य भात सावकाश चावत होते आणि त्यांच्या प्रत्येक घासाबरोबर गोदीचे डोळे वरखाली होत होते. भानूने जेवण थांबवले होते. व्यापारीही थांबला होता. आचार्यांनी शेवटचा घास घेतला, पाणी प्यायले आणि रिकामी पत्रावळ गोदीपुढे सरकवली. तिने कडा चाचपून पाहिल्या. एकही खडा नव्हता. ती ओरडली नाही, नाचली नाही. तिने फक्त एकदा आईकडे पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होते ते शिष्याला त्याच्या एकाही खेळात दिसले नव्हते.

सूर्य मावळला. मुलांनी तेल लावून आईच्या हातांची सुकलेली मेंदी खरवडून काढली आणि रंग किती चढला ते उजेडात पाहायला तिला अंगणात ओढू लागली. तेव्हा ती आचार्यांकडे वळली. "महाराज, मी या पोरांना कामावरून कधी टाकून बोलले नाही. एक शब्द नाही."

"बोलली असतीस तर बरं झालं असतं," आचार्य म्हणाले. "बोलण्याला पोर उत्तर देतं, भांडतं, रुसतं. पण आपण झाडलेलं घर कोणी मुकाट्यानं पुन्हा झाडलं, तर त्याला काय उत्तर द्यायचं? विटीदांडूत झेल घ्यायला पोर का धावतं? सुटला तर डाव जातो म्हणून. मागं कोणीतरी उभा आहे आणि सुटलेला प्रत्येक झेल तो घेणारच आहे, असं कळलं तर कोण धावेल? गल्लीतलं धरण मुलांचं होतं. फुटलं असतं तर त्यांचंच फुटलं असतं, म्हणून त्यात त्यांना शीण नव्हता. घरातलं काम मात्र त्यांनी केलं काय आणि न केलं काय, सारखंच होतं. त्यावर या माझ्या शिष्यानं सहा दिवस खेळाची साखर पेरली. साखर विरघळली आणि काम तसंच राहिलं."

शिष्याने मान खाली घातली, पण त्यात शरमेपेक्षा समाधान जास्त होते.

मुले अंगणात गेली होती. गृहिणी हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगू? घर माझ्यावाचून अडतं, याचा मला आधार वाटायचा. नाही अडलं तर मग मी कोण, असं मनात यायचं."

"घर तुझ्यावाचून चालेल," आचार्य म्हणाले, "पण तुझी वाट पाहत चालेल. तेवढं पुरे नाही का, मुली?"

दुसऱ्या दिवशी तिने आपले लुगड्यांचे गाठोडे बांधायला घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी येणार म्हणून गुरू-शिष्य निरोप द्यायला निघाले. वाटेत शिष्याने शेवटी विचारलेच, की मुलांचे काम पुन्हा केले जात असणार, हे आपण पहिल्याच दिवशी ओळखले होते का? आचार्यांनी होकार दिला.

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत? माझे सहा दिवस चुकीच्या वाटेला गेले."

"तेव्हाच सांगितलं असतं," आचार्य म्हणाले, "तर ते काम माझं झालं असतं. आणि तू आज हा प्रश्नही विचारला नसतास." शिष्य थोडा वेळ त्यांच्या मागून चालत राहिला, मग त्याला हसू आले आणि तो पुढे होऊन त्यांच्या बरोबरीने चालू लागला.

व्यापाऱ्याच्या दारात गाडी उभी होती. भाऊ बैलांच्या पाठी चोळत होता. गृहिणी नवे लुगडे नेसून बाहेर आली आणि गाडीत बसली. रुक्माने धावत येऊन तिच्या हातात शिदोरी दिली. फडक्यात दशम्या होत्या, रुक्माने पहाटे उठून केलेल्या. फडक्याची गाठ सैल बसली होती आणि एका कोपऱ्यातून दशमीची कड डोकावत होती. गृहिणीची बोटे गाठीकडे गेली. बोटे गाठीपाशी थांबली, मग मागे आली, आणि तिने ती शिदोरी दोन्ही हातांनी तशीच मांडीवर धरली.

आईच्या निरोपाची वेळ म्हणजे मुले रडतील, गाडीमागे धावतील, असे सगळ्यांनाच वाटले होते. झालेही तसेच, चार पावले. मग आतून काहीतरी फसफसल्याचा आवाज आला, भानू "दूध!" म्हणून ओरडला आणि तिघेही आत पळाली. त्यांच्या पाठोपाठ व्यापारीही पळाला, नव्या वहाणांसकट थेट चुलीपर्यंत.

वळणावर गृहिणीने मागे वळून पाहिले. दारात घरचे कोणीच नव्हते. घरातून भांडी वाजल्याचा, कोणीतरी कोणाला फडके आणायला सांगितल्याचा आणि मग सगळे मिळून हसल्याचा आवाज येत होता. तिने मेंदीचा हात डोळ्यांवरून फिरवला आणि भावाला म्हणाली, "हाक बैलांना, दादा. आई वाट बघत असेल."